ऐकले ते बरोबर ऐकले का?

बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. उत्तरेला डोंगर आणि अंबाबरवा अभयारण्याचे जंगल, दक्षिणेला कपाशीची काळी जमीन. मोठ्या शहराचा उजेड जवळ नसल्याने आकाश चांगले दिसते, म्हणून गेल्या हिवाळ्यात काही शिक्षकमित्रांबरोबर आम्ही तिथे आकाशदर्शनासाठी गेलो होतो. अंधार पडायच्या आधी मुले वर बघत बसली होती. उंचावरून एक विमान पांढरी रेघ ओढत गेले, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘सर, वरतून चाल्लेल्या इमानातला मानूस खाली कोनासंग बोलते?’’ आम्ही उत्तर दिले, ‘‘हवाई वाहतूक नियंत्रकाशी.’’ त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, ‘‘आन् त्याले ऐकू नाई आलं तं?’’

पहिल्या प्रश्नाला पाच मिनिटे पुरली. दुसऱ्याचे उत्तर देण्यात ती संध्याकाळ गेली आणि तरीही ते पुरे झाले नाही. त्या उत्तरासाठी हा लेख.

आधी ऐकू येण्याचे भौतिकशास्त्र पाहू. वैमानिक आणि नियंत्रक यांचे बोलणे मुख्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या रेडिओलहरींवर चालते. आपल्या ओळखीचा एफ.एम. रेडिओचा पट्टा याच्या थोडा खाली, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर आहे. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजापलीकडच्या विमानापर्यंत पोचत नाहीत. वातावरणामुळे त्या किंचित खाली वाकतात, तेही हिशेबात धरले तर एक सोपे सूत्र मिळते: उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. येणारे उत्तर म्हणजे रेडिओ-क्षितिजाचे अंतर, किलोमीटरमध्ये.

सोनाळ्यावरून जाणारे विमान ३५,००० फूट, म्हणजे सुमारे १०,७०० मीटर उंचीवर आहे असे धरू. वर्गमूळ सुमारे १०३, आणि अंतर येते सुमारे ४२५ किलोमीटर. सोनाळ्याहून मुंबईचा विमानतळ हवाई अंतराने साडेचारशे किलोमीटरहून थोडा अधिक दूर आहे, नागपूरचा सुमारे २४०. म्हणजे नागपुरातल्या अँटेनाला हे विमान सहज ‘दिसते’, मुंबईतल्या अँटेनाला ते क्षितिजाच्या जरासे खाली राहते. मुंबईचा अँटेना ३० मीटर उंच खांबावर बसवला तर आणखी वीस-बावीस किलोमीटरची भर पडेल, पण तीही पुरत नाही. म्हणूनच मोठ्या नियंत्रण केंद्रांसाठी दूर-दूर अँटेना उभारून ते केंद्राशी जोडलेले असतात. नियंत्रक कोणत्या शहरात बसला आहे यापेक्षा त्याचा अँटेना कुठे आहे, हे वैमानिकाच्या दृष्टीने महत्त्वाचे. नववी-दहावीच्या वर्गात आपल्या गावाचे अंतर घालून हे गणित जरूर करून घ्यावे.

समुद्रावर असे अँटेना उभारता येत नाहीत. तिथे कमी कंप्रतेच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित करून बोलणे पोचवतात. त्यात खरखर असते, आवाज मधूनच विरतो, आणि ज्यांनी लघुलहरींवर रेडिओ सिलोन ऐकला आहे त्यांना तो अनुभव वेगळा सांगायला नको.

आता इतिहासाकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानात रेडिओ नव्हता. खालच्या माणसाशी बोलायचे म्हणजे आधी खाली उतरायचे, अशी परिस्थिती होती. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरे, तेव्हा ही सेवा पुण्याहून चालवावी लागे. आकाशात विमानेच इतकी थोडी होती की कोणी कोणाशी बोलले नाही तरी चालून जात होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईची मोठी वाहतूक सांताक्रूझला गेली आणि तिथून एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. सांताक्रूझ आणि जुहू हे दोन विमानतळ एकमेकांपासून अवघ्या दोनेक किलोमीटरवर, आणि त्यांच्या एकेका धावपट्टीची दिशाही जवळजवळ सारखी. १९५३ मध्ये बी.ओ.ए.सी. कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डी.सी. ८ विमानाने तेच केले आणि ते जुहूची तोकडी धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. रेडिओवरचे बोलणे यात बिघडलेले नव्हते. उतरण्याची परवानगी दिली गेली आणि ती ऐकलीही गेली. पण नियंत्रकाच्या मनात एक धावपट्टी होती आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोर दुसरी. शब्द एकच, पण दोन डोक्यांतली चित्रे दोन. या विषयातली बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात असे आम्हाला वाटते.

जुहूला हे दुखणे विमान मोडण्यावर निभावले. जुन्नरला निभावले नाही.

६ जुलै १९६२ ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून निघून बँकॉकमार्गे रोमला चाललेले अलितालिया कंपनीचे ७७१ क्रमांकाचे विमान मुंबईत उतरण्याच्या तयारीत होते. पावसाळ्यातली काळोखी रात्र. वैमानिक मुंबईच्या नियंत्रकाशी बोलत होता, खाली येण्याची परवानगी मागत होता आणि ती त्याला मिळत होती. त्याच्या समजुतीप्रमाणे मुंबई अगदी जवळ आली होती. प्रत्यक्षात तो सह्याद्रीच्याही अलीकडे, जुन्नरच्या परिसरात होता. सुमारे ३६०० फूट उंचीवर विमान तिथल्या डोंगरावर आदळले. विमानातल्या ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

चौकशीत निघालेला निष्कर्ष असा होता: दिक्चालनातील चुकीमुळे वैमानिकाला आपण मुक्कामाच्या जवळ आहोत असे वाटले आणि तो वेळेआधीच खाली आला. आपले खरे स्थान पडताळून पाहण्याची साधने उपलब्ध असूनही त्याने ती वापरली नाहीत, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली नाही आणि त्याला त्या मार्गावरच्या डोंगरांची ओळख नव्हती, अशी जोडकारणेही नोंदली गेली.

जबाबदारी कोणाची, हे त्या निष्कर्षाने ठरवले आणि त्याबद्दल आम्हाला वाद घालायचा नाही. पण हा अपघात आम्हाला संवादाच्या इतिहासातही महत्त्वाचा वाटतो. विमान पडद्यावर डोळ्यांनी दिसत नसेल तेव्हा नियंत्रकाच्या मनातले चित्र वैमानिकाच्याच शब्दांवर उभे असते. वैमानिकाने सांगितलेल्या वेळा आणि अंतरे यांवरून तो विमान कुठे असेल ते ठरवतो, आणि त्यावर विसंबून खाली येण्याची परवानगी देतो. मग वैमानिकाला वाटते, परवानगी मिळाली, अर्थी खाली मोकळे आहे. प्रत्यक्षात अशा परवानगीचा अर्थ इतकाच असतो की त्या वाटेवर दुसरे विमान नाही. डोंगर टाळणे हे अशा वेळी वैमानिकाचेच काम असते. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याकडे जाते, तिथून ‘परवानगी’चे रूप घेऊन परत येते आणि परतताना ती खात्रीसारखी वाटू लागते. घुमटात आपलाच आवाज परत ऐकून आत कोणीतरी आहे असे वाटावे, तसे हे आहे.

वर्गात हे दाखवण्याचा एक बिनखर्चाचा प्रयोग आहे. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा आणि प्रत्येकाला दहा काड्या द्या. एकाने आपल्यासमोर एक आकृती मांडायची आणि तोंडी वर्णन करायचे, दुसऱ्याने ऐकून तीच मांडायची. पहिल्या फेरीत ऐकणाऱ्याने फक्त ‘हो’ म्हणायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक सूचना आपल्या तोंडाने पुन्हा म्हणून दाखवायची आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच काडी ठेवायची. दोन्ही फेऱ्यांतल्या चुका मोजा. आम्ही हा प्रयोग शिक्षकांच्या मेळाव्यातही केला आहे आणि शिक्षकांचे ‘हो’ मुलांच्या ‘हो’पेक्षा फारसे भरवशाचे निघाले नाही!

दुसऱ्या फेरीतली पद्धत म्हणजेच विमानवाहतुकीतली पुनरुक्ती. उंची, दिशा, धावपट्टीचा क्रमांक, उंचीमापकासाठी दिलेला हवेचा दाब या गोष्टी वैमानिकाने जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या असतात. दाबाचा आकडा एवढ्या मानाचा का, असे कोणी विचारील. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत सुमारे आठ मीटरची चूक. दहा हेक्टोपास्कलची गफलत झाली तर ती ऐंशी मीटरवर जाते, आणि धुक्यात ऐंशी मीटर फार असतात.

आता आकड्यांविषयी. मराठीत संख्या बोलणे किती अवघड आहे हे प्राथमिक शिक्षकांना आम्ही सांगावे असे नाही. आपण एकक आधी म्हणतो आणि दशक मागून: पंचेचाळीस, सत्तावन्न. त्यातही एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर या मालिकेत ऐकणाऱ्याला शेवटचे अक्षर कानी पडेपर्यंत दशक कळत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. पण खरखरणाऱ्या रेडिओवर ‘एकोणसत्तर’ ऐकून विमान वळवायचे काम आमच्यावर आले, तर आम्ही निमूटपणे ‘सहा, नऊ’ असे मागून घेऊ. रेडिओवरची पद्धत नेमकी हीच आहे. दिशा, धावपट्टी, विमानाचा क्रमांक, सगळे एकेक अंक सुटा करून सांगायचे.

सुटे अंकही फसवतात. या रेडिओतून आवाजाचा सुमारे ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच भाग नीट पलीकडे जातो. स्वर तरतात आणि ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने बरीचशी बुडतात. इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची व्यंजने बुडाली की दोन्हींचा फक्त ‘आइ’ शिल्लक राहतो. म्हणून नऊला ‘नाइनर’ आणि पाचाला ‘फाइफ’ म्हणायचे ठरले. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमाला १९५६ पासून जगभर लागू झाली. आपल्या नागरी विमानांची नोंदणी ‘व्ही.टी.’ने सुरू होते, म्हणून ती रेडिओवर ‘व्हिक्टर टँगो’ होतात. टाटांचे ते पहिले टपालविमानही व्ही.टी.-ए.डी.एन. होते, पण ते रेडिओवर कोणाला सांगण्याची वेळच आली नाही. मराठी जिभेला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही ‘व’च्याच घरातले. ‘व्हिक्टर’ आणि ‘व्हिस्की’ म्हटले की तिथला घोटाळा मिटतो.

पण नियम असूनही तो वापरला नाही तर काय होते? १९ फेब्रुवारी १९८९ रोजी सिंगापूरहून क्वालालंपूरला येणाऱ्या फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू विमानाला नियंत्रकाने २४०० फुटांवर यायला सांगितले. ‘‘डिसेंड टू फोर झीरो झीरो,’’ असे त्याचे शब्द होते. त्यातला ‘टू’ म्हणजे दोनाचा आकडा. वैमानिकाने तो ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ समजला, तेव्हा उरले ‘फोर झीरो झीरो’, म्हणजे ४०० फूट. गंमत अशी, की गंमत म्हणवत नाही, वैमानिकाने पुनरुक्ती केली होती. ‘‘ओके, फोर झीरो झीरो,’’ असे तो म्हणाला, आणि त्यातला गेलेला ‘टू’ नियंत्रकाच्या कानाला खटकला नाही. विमान टेकडीवर आदळले, चारही कर्मचारी मेले. पुनरुक्ती हे अर्धेच काम असते. ती सांगणाऱ्याने कान देऊन ऐकायची असते. काड्यांच्या प्रयोगात न ऐकताच ‘बरोबर’ म्हणणारे मूल तुम्हाला हटकून सापडेल.

एकाच वेळी दोघे बोलले तर काय होते, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्राच्या फार बाहेर जावे लागेल. विमानांचा रेडिओ आजही जुन्या ए.एम. पद्धतीवर चालतो. एफ.एम.मध्ये आवाज अधिक स्वच्छ येतो, मग हे मागासलेपण का? एफ.एम.मध्ये एकाच कंप्रतेवर दोन संदेश आले तर बलवान संदेश दुबळ्याला पार गिळून टाकतो, आणि कोणी दुसरा बोलत होता याचा ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ए.एम.मध्ये दोन्ही वाहक लहरींच्या कंप्रतांतल्या किंचित फरकाएवढी एक कर्कश शिट्टी ऐकू येते. ध्वनीच्या धड्यात आपण दोन नादकाटे वाजवून विस्पंद ऐकवतो, त्याचाच हा भाऊबंद. संदेश बिघडतो, पण बिघडला हे कळते.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या टेनेरिफ विमानतळावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर के.एल.एम. आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने होती. एकमेकांना ती दिसत नव्हती, नियंत्रकालाही दिसत नव्हती. के.एल.एम.चा वैमानिक म्हणाला, ‘‘वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.’’ नियंत्रक समजला, तो उड्डाणाच्या जागी थांबला आहे. प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. नियंत्रक ‘‘ओके’’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग ‘थांबा, मी सांगेन’ अशा अर्थाचे पुढचे वाक्य बोलला. नेमक्या त्याच वेळी पॅन अॅमचा वैमानिक आपण अजून धावपट्टीवरच आहोत असे सांगू लागला. के.एल.एम.च्या कानावर ‘ओके’ आला आणि पुढे शिट्टी. ५८३ माणसे मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत एवढी माणसे कधी मेली नव्हती.

शिट्टीने तिचे काम केले होते. काहीतरी ऐकायचे राहिले, हे ती सांगत होती, पण तिच्या आधीच्या ‘ओके’ने मन भरले होते. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असे ठरले. इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे. नुसत्या ‘ओके’वर भागवायचे नाही.

आपल्याकडचा मोठा आघात १२ नोव्हेंबर १९९६ चा. त्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीला येणारे कझाक विमान हरयाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ जण ठार झाले. सौदी विमानाला १४,००० फुटांची आणि कझाक विमानाला १५,००० फुटांची उंची दिलेली होती. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरून येणाऱ्या विमानाची सूचनाही दिली होती. तरीही कझाक विमान आपल्या उंचीखाली उतरत गेले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम वेगळ्या रेडिओचालकाकडे होते. म्हणजे नियंत्रकाचे इंग्रजी वाक्य त्याच्या कानात शिरून, त्याच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत वैमानिकाच्या कानी पडायचे. सवय मीटरची, सूचना फुटांत. पुनरुक्ती करणारा एक आणि सुकाणू हाती असणारा दुसरा. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने मूळ दोष कझाक विमानाने दिलेली उंची सोडण्यावर ठेवला. पण येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचा मार्ग एकच होता, आणि विमानाची उंची आपोआप पडद्यावर दाखवणारे दुय्यम रडार त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकाच्या हाती नव्हते. जुन्नरनंतर चौतीस वर्षांनीही नियंत्रकाला विमानाची उंची वैमानिकाच्या तोंडूनच समजत होती.

त्यानंतर दिल्लीला येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, दुय्यम रडार आले आणि विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा भारताने सक्तीची केली. मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांची आणि त्यांच्या नियंत्रकांची इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा जगभर लागू झाली. सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी पायरी गाठावी लागते. परीक्षा व्याकरणाची फारशी नाही. न समजल्यावर पुन्हा विचारता येते का, हे तिच्यात पाहिले जाते. आपल्या शाळांतल्या तोंडी परीक्षेत ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ या वाक्याला गुण मिळाल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

आता समुद्रावरच्या मार्गांवर बोलण्याऐवजी लिखित संदेश पाठवण्याची सोय आली आहे. मुंबईचे नियंत्रकही अरबी समुद्रावरच्या विमानांसाठी ती वापरतात. आकडा पडद्यावर उमटतो, वैमानिक वाचतो आणि कळ दाबून होकार देतो. ‘टू’चा घोटाळा नाही, शिट्टी नाही. पण एक गोष्ट गेली. रेडिओवरचे बोलणे त्या कंप्रतेवरचे सगळे वैमानिक ऐकत असतात, आणि शेजारच्या विमानाला दिलेली चुकीची सूचना एखाद्या तिसऱ्याच्याच कानाला खटकल्याची उदाहरणे आहेत. लिखित संदेश ज्याचा त्यालाच दिसतो.

सोनाळ्याच्या त्या मुलाला आम्ही यातले बरेचसे सांगितले. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मंग त्याईनं दोन्ही ठेवाले पाह्यजे, लिवनं बी आन् बोलनं बी.’’